पाचशे वनस्पती एका खोऱ्यात कशा नांदतात?

आमच्या घरी बाळगुटीचा एक पितळी डबा होता. हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड, सागरगोटा, सगळं त्यात असायचं. आजी सहाणेवर एकेकाचे वळसे मोजून द्यायची. त्या डब्यात बोटाच्या पेराएवढी, राखाडी सालीची, आतून पांढरीशुभ्र अशी एक मुळी असायची. तिचं नाव अतिविष. ती कुठून येते असं विचारलं की उत्तर मिळायचं, “काष्ठौषधींच्या दुकानातून.” घरात कुणालाच त्यापलीकडचं माहीत नव्हतं.

अतिविष महाराष्ट्रात कुठेही उगवत नाही. ते हिमालयात उगवतं, तेही झाडांची हद्द संपत येते तिथल्या गवताळ उतारांवर. मी ते पहिल्यांदा जिवंत, उभं पाहिलं ते उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये, ऑगस्ट संपता संपता. गुडघ्याएवढं झाड, हिरवट फुलावर जांभळ्या शिरा, आणि फुलाला वरून टोपडं घातल्यासारखा आकार. आजूबाजूला इतकी फुलं होती की एरवी तिकडे लक्षही गेलं नसतं.

महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी लोक या खोऱ्यात जातात, फोटो काढतात, परत येतात. फोटोत रंग दिसतात. पण एवढ्याशा जागेत इतक्या वनस्पती एकमेकींना न ढकलता कशा राहतात, आणि त्यांना जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न फोटोत मावत नाही. या लेखात तेवढंच उलगडून सांगायचा प्रयत्न करते.

आधी जागा समजून घेऊ. हरिद्वारहून बद्रीनाथच्या रस्त्याने वर जाताना जोशीमठानंतर गोविंदघाट लागतं. तिथून अलकनंदा ओलांडून पुलना, भ्यूंडार ही गावं मागे टाकत घांघरियापर्यंत चढायचं. घांघरियाच्या पुढे वाट फुटते. उजवीकडची हेमकुंड साहिबला जाते, डावीकडची फुलांच्या खोऱ्यात. या खोऱ्यातून पुष्पावती नदी वाहते, ती टिप्रा हिमनदीतून निघते. राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्रफळ साडेसत्त्याऐंशी चौरस किलोमीटर आहे, पण त्यातला जवळपास तीन चतुर्थांश भाग बर्फ, हिमनद्या आणि उघडा खडक. उरलेल्या भागात थोडं जंगल आणि बाकी कुरण. गढवाली लोक अशा कुरणाला बुग्याल म्हणतात. वनस्पतिशास्त्रज्ञ चंद्रप्रकाश काला यांनी १९९०च्या दशकात इथे अनेक हंगाम काढून नोंदी केल्या, त्यांत सुमारे ५२० जाती आल्या. नेचे आणि सूचिपर्णी झाडं वगळली तरी पाचशेच्या आसपास फुलणाऱ्या वनस्पती.

आता मुख्य प्रश्न. सपाट, सुपीक, ओलाव्याच्या जमिनीवर काय होतं ते आपण आपल्या परसात पाहतो. दोन पावसाळे कुणी हात लावला नाही की एखादंच तण सगळं अंगण व्यापून टाकतं. ज्याला उंच वाढता येतं, ज्याची पानं रुंद, ज्याची मुळं जमिनीखालून पसरतात, तो बाकीच्यांचा उजेड अडवतो. म्हणजे बलवान एकच उरतो. मग या खोऱ्यात तसं का होत नाही? माती काही वाईट नाही, पाणी तर भरपूर.

कारण इथे कुणाला जिंकायला पुरेसा वेळच मिळत नाही. या लेखातलं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

नोव्हेंबरपासून खोरं बर्फाखाली जातं आणि मेअखेरीपर्यंत बाहेर येतं. म्हणजे उगवायचं, वाढायचं, फुलायचं, बी धरायचं आणि पुन्हा जमिनीत शिरायचं, हे सगळं चार-साडेचार महिन्यांत. हजार मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. खोऱ्याचा तळ साडेतीन हजार मीटरच्या आसपास धरला तर समुद्रसपाटीच्या मानाने बावीस-तेवीस अंशांचा फरक. अशा जागी झाडं खुरटतात. भूर्ज, ज्याच्या सालीवर पूर्वी ग्रंथ लिहीत, तो सावलीच्या उतारावर कसाबसा तग धरतो. त्याच्या पायाशी बुरांशची म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची खुजी, वाकडी झुडपं असतात. त्यावर झाडांचं राज्य संपतं. मोठा वृक्षच नाही, म्हणजे वरून सावली धरणारा मालकच नाही.

आपल्याला वाटतं, बर्फ म्हणजे वनस्पतींचा शत्रू. खरं उलटं आहे. साचलेल्या बर्फात बहुतेक हवाच असते, त्यामुळे तो गोधडीसारखं काम करतो. वर वाऱ्यात पारा शून्याच्या पंधरा-वीस अंश खाली असला तरी जाड बर्फाखालची माती शून्याच्या आसपास राहते. कंद, गड्डे, कळ्या त्या गोधडीखाली झोपलेल्या असतात. ज्या हिवाळ्यात बर्फ कमी पडतो, तो खरा घातक, कारण तेव्हा उघड्या मातीला थंडी थेट लागते.

आणि बर्फ सगळीकडे एकाच दिवशी वितळत नाही. वाऱ्यावरचा उंचवटा मे महिन्यातच उघडा पडतो. शेजारच्या घळीत हिमलोट येऊन साचलेला असतो, तिथे जुलैपर्यंत बर्फ दिसतो. दोन जागांत अंतर पन्नास पावलांचं, पण वसंताच्या तारखेत दोन महिन्यांचा फरक. उंचवट्यावर कोरड्या मातीत तग धरणारी उशीसारखी बुटकी झाडं येतात. घळीच्या काठावर, बर्फाचं पाणी झिरपतं तिथे, प्रिम्युला आणि पिवळा कॅल्था येतो. खोरं साधारण पूर्व-पश्चिम पसरलेलं आहे, त्यामुळे एका अंगाला ऊन जास्त, दुसऱ्या अंगाला सावली आणि ओल जास्त. त्यात कडे कोसळतात, नदी पात्र बदलते, हिमलोट दरवर्षी कुठलं तरी कुरण खरवडून काढतात. म्हणजे जे एक खोरं दिसतं, ते खरं तर शेकडो लहान लहान जागांचं गावठाण आहे आणि प्रत्येक जागेचं पाणी, ऊन आणि पंचांग वेगळं.

म्हणूनच इथली फुलं एकदम येत नाहीत, पाळ्या लावून येतात. जूनमध्ये बर्फाच्या पाठोपाठ प्रिम्युला, ॲनिमोन. जुलैत पोटेन्टिला, जिरेनियम आणि खडकांच्या फटीत निळी अफू. ऑगस्टमध्ये उंच, गुलाबी फुलांचे ताटवेच्या ताटवे. ही गुलाबी फुलं म्हणजे आपल्या तेरड्याची चुलत बहीण. एकच कुळ, एकच प्रजाती-गट. कोकणात गौरीच्या वेळी तेरड्याची रोपं आणून त्याच गौरी म्हणून बसवतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे फूल बघताक्षणी ओळखीचं वाटेल, फक्त झाड डोक्याएवढं उंच. इथल्या बहुतेक वनस्पती बहुवर्षायू आहेत, म्हणजे हिवाळ्यात वरचा भाग मरतो आणि जमिनीखालचा साठा पुढच्या वर्षी कामी येतो. हा तेरडा मात्र एका हंगामाचा. दरवर्षी बीपासून सुरुवात. तीन-चार महिन्यांत बीपासून माणसाच्या उंचीपर्यंत जायचं, मला हे आजही नवल वाटतं.

उंचावर जगायचे उपायही निरनिराळे. काही झाडांनी अंगावर लोकर घेतली आहे. फेनकमळ दुरून पाहिलं तर कापसाचा बोळा वाटतो. ब्रह्मकमळाने दुसरी युक्ती केली. त्याची खरी फुलं लहान, जांभळट आणि गुच्छाने असतात, आणि त्यांच्याभोवती फिकट पिवळसर, अर्धपारदर्शक पानांचा द्रोण असतो. त्या द्रोणातून उजेड आत येतो, ऊब आत राहते आणि पाऊस-वारा बाहेर. शेतातल्या पॉलिहाऊसचंच तत्त्व. हिमालयाच्या वाऱ्या-पावसात परागीभवन करणारे किडेही वेगळे. माश्यांचा वाटा मोठा, आणि केसाळ भुंगमाश्या पंखांचे स्नायू थरथरवून अंगात ऊब आणतात आणि इतर माश्या गारठून बसलेल्या असतात तेव्हाही फुलांवर जातात.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. महाराष्ट्रात घरोघरी कुंडीत जे “ब्रह्मकमळ” रात्री फुलतं, ज्यासाठी शेजाऱ्यांना बोलावून आरती होते, ते हे नव्हे. ते एक निवडुंग आहे आणि त्याचं मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. हिमालयातलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं, उत्तराखंडचं राज्यपुष्प. कुंडीतल्या फुलाचं कौतुक जरूर करावं, पण “आमच्याकडे तर दर वर्षी पंधरा येतात, दुर्मिळ कसलं?” असं कुणी म्हणालं तर त्यांना हा फरक समजावून द्यावा.

गढवालात खऱ्या ब्रह्मकमळाबद्दल एक जुना नेम आहे. भाद्रपद शुद्ध अष्टमी म्हणजे नंदाष्टमी, त्याआधी ते तोडायचं नाही. नंदा म्हणजे पार्वती, हिमालयाची लेक, माहेर-सासर करणारी. आपल्याकडे साधारण त्याच दिवसांत गौरी माहेरी येतात, हा योगायोग मला फार जवळचा वाटतो. नेमामागे श्रद्धा आहे, पण त्याचा परिणाम वनस्पतिशास्त्रालाही पटणारा: हंगामातला बराच काळ फूल झाडावर राहतं, परागण होतं, बी धरायला अवधी मिळतो. बुग्यालात आंछरी म्हणजे पऱ्या असतात, तिथे भडक कपडे घालू नयेत, आरडाओरडा करू नये, असंही गढवालात मानतात. कुठलीही सरकारी पाटी लागायच्या कितीतरी आधी लोकांनी आपल्यापुरती आचारसंहिता केलेली होती.

हे मुद्दाम सांगते, कारण या खोऱ्याचा “शोध” लागल्याची गोष्ट नेहमी वेगळी सांगितली जाते. १९३१ साली फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती कामेट शिखर सर करून परतत होते. भ्यूंडार खिंड ओलांडून पाऊस आणि धुक्यातून ते खाली उतरले आणि फुलांच्या मधोमध येऊन पोचले. १९३७ साली स्माइथ खास वनस्पती गोळा करायला परत आला, दुसऱ्या वर्षी त्याने पुस्तक लिहिलं आणि त्या पुस्तकामुळे जगाला “व्हॅली ऑफ फ्लॉवर्स” हे नाव माहीत झालं. १९३९ मध्ये जोन मार्गारेट लेग ही वनस्पती गोळा करणारी इंग्रज बाई इथे आली आणि ४ जुलैला कड्यावरून घसरून गेली. तिची समाधी खोऱ्यात आहे. तिथे पोचलं की बोलणारे लोकही आपोआप गप्प होतात. पण स्माइथ येण्याआधीपासून भ्यूंडार आणि पुलनाचे लोक उन्हाळ्यात आपली जनावरं घेऊन इथे चढत होते, हिवाळ्यात खाली उतरत होते. त्यांना हे खोरं सापडायचं नव्हतं, ते त्यांचं कुरण होतं.

मग १९८२ साली खोरं राष्ट्रीय उद्यान झालं.

राष्ट्रीय उद्यान या शब्दाचा कायद्यातला अर्थ नीट समजून घ्यायला हवा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान असे दोन वेगळे दर्जे आहेत. अभयारण्यात ठरावीक अटींवर चराई चालू राहू शकते. राष्ट्रीय उद्यानात पाळीव जनावर चरायला शिरू शकत नाही. त्यामुळे एका शिक्क्यानिशी शेळ्या-मेंढ्या बाहेर झाल्या, आणि तंबू ठोकून राहणंही बंद झालं. हेतू चांगला होता. मेंढ्या कोवळे शेंडे खातात, खुरांनी उतार उकरतात, मेंढपाळ सरपणासाठी भूर्ज आणि जुनिपर तोडतात, आणि कुणी मुळ्या खणतात, हे सगळं खरंच होतं. तंबूवाल्यांनी घाण केली होती, हेही खरं.

पुढच्या काही वर्षांत एक झाड मात्र झपाट्याने वाढलं. त्याला तिकडे अमेला म्हणतात. आपल्या आंबटचुक्याच्या कुळातलं, जमिनीखालून पसरणारं, दीड-दोन मीटर उंच आणि दाट पानांचं. एकदा त्याची वस्ती झाली की खाली बुटक्या झाडांना उजेड मिळत नाही. जिथे दहा-बारा जाती एकत्र दिसायच्या तिथे फक्त अमेला. म्हणजे जे या खोऱ्यात कधी होऊ दिलं गेलं नव्हतं तेच झालं: कुणी तरी एक जिंकू लागलं.

अमेला परदेशी नाही, हे इथे महत्त्वाचं. आपल्याला गाजरगवत आणि घाणेरी माहीत आहेत. ती दूरच्या खंडांतून आली, इथे त्यांना खाणारं कुणी नव्हतं, म्हणून माजली. अमेला तर हिमालयाचाच. तो आधीपासून खोऱ्यात होता, आपल्या मर्यादेत होता. (गंमत म्हणजे हाच अमेला आणि हिमालयातला एक मोठा तेरडा युरोपात बागांसाठी नेले गेले आणि तिकडे नदीकाठ गिळत सुटले. एका घरचा शहाणा मुलगा दुसऱ्या गावी उनाड व्हावा तसं.) मग त्याची मर्यादा सुटली कशाने?

एक मत असं की, मेंढ्या गेल्या म्हणून. चरणारं जनावर उंच वाढणाऱ्या झाडाचा शेंडा दरवर्षी खुडत असतं, म्हणजे बलवानाला वाढू देत नाही आणि बुटक्यांना उजेड मिळतो. शेंडा खुडणारं तोंड गेलं, बलवान सुटला. दुसरं मत याच्या अगदी उलट आहे. अमेला सगळीकडे सारखा पसरलेला नाही. तो दाट दिसतो तो दरड कोसळलेल्या, खरवडलेल्या उतारांवर आणि जिथे पूर्वी मेंढ्या बसायच्या, तंबू पडायचे अशा जागी. तिथे वर्षानुवर्षं लेंड्या आणि मूत मुरून माती नायट्रोजनने भरलेली आहे. अशी जास्त सुपीक जागा मिळाली की भूक मोठी असलेली, भराभर वाढणारी झाडंच पुढे जातात. म्हणजे चराईच्या चुका त्या मातीत आहेत, बंदीच्या नाहीत.

मला वाटतं, दोन्ही मतांत तथ्य आहे, आणि दोन्ही एकाच खोऱ्यात एकाच वेळी खरी असू शकतात. फिरत चरणारा कळप आणि एका जागी बसलेला कळप या वनस्पतीच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला कात्रीचं काम करतो, दुसरा खताचं. आपण कायद्यात मात्र दोघांना एकच शब्द वापरतो: चराई. ती एक तर चालू किंवा बंद. किती जनावरं, कुठल्या महिन्यात, कुठल्या उताराला, किती दिवस, हे विचारायची सोयच त्या शब्दात नाही.

हे फक्त तिथलंच नाही. त्याच १९८२ साली राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव पाणपक्षी उद्यानात चराई बंद झाली. गावकऱ्यांच्या म्हशी अडवल्या, संघर्ष पेटला, गोळीबारात माणसं गेली. त्यानंतर काय झालं ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्या दशकात केलेल्या दीर्घ अभ्यासातून पुढे आलं. म्हशी जे पाणगवत खाऊन टाकायच्या ते आता उघड्या पाण्यावर दाट माजलं आणि काही पक्ष्यांना खायला-पोहायला मोकळं पाणी उरलं नाही. आपल्या साताऱ्याच्या कास पठाराकडेही पाहा. जांभ्या खडकावरची बोटभर माती, त्यात सीतेची आसवं, दवबिंदू, तेरडा, टोपली कारवी. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर तेही जागतिक वारसा यादीत गेलं, गर्दी वाढली, तारेचं कुंपण आलं, गुरं थांबली. मग गवत वाढून फुलं कमी झाल्याची तक्रार स्थानिक लोकच करू लागले आणि पुढे ते कुंपण काढलं गेलं. कासची जमीन, पाऊस, उंची सगळं हिमालयाहून वेगळं आहे, तेव्हा तिथला निष्कर्ष इथे चिकटवू नये. पण जी जागा शेकडो वर्षं जनावरांच्या तोंडाखाली घडली, तिथून जनावर काढणं हाही एक हस्तक्षेपच आहे, एवढं तिन्ही ठिकाणी दिसतं.

आज व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये वनखातं दर पावसाळ्यात माणसं लावून अमेला उपटतं. बी धरायच्या आत उपटायचा, हे ठरलेलं. काम वाटतं तितकं सोपं नाही. जमिनीखालच्या खोडाचा तुकडा मातीत राहिला तर त्यातून पुन्हा फुटतो. खूप खोल खणलं तर उताराची माती सुटते, आणि सुटलेली माती अमेल्याला आवडतेच. भर पावसात, निसरड्या उतारावर, जळवा नसल्या तरी गारठ्यात, वाकून एकेक झाड ओळखून उपटायचं. कोवळ्या अवस्थेत बाकीच्या झाडांपासून ते वेगळं ओळखणारा हात लागतो. असा हात कुणाचा असतो? ज्याचे आजी-आजोबा इथे मेंढ्या घेऊन यायचे, त्याचाच. ज्यांना १९८२ साली बाहेर काढलं त्यांच्याच घरची ओळख आज खोरं वाचवायला उपयोगी पडते, हे मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत बोलकं सत्य वाटतं.

त्या गावांना काय मिळालं? कुरण गेलं, पण पर्यटक आणि हेमकुंडचे यात्रेकरू वाढले. खेचरं, ढाबे, पोर्टर, गाइड यांवर चार-पाच महिन्यांची कमाई होऊ लागली. गावकऱ्यांची इको विकास समिती घांघरियाच्या वाटेवरचा कचरा गोळा करते. ही कमाई बेभरवशाची आहे. जून २०१३च्या महापुरात भ्यूंडार गाव उद्ध्वस्त झालं, पूल वाहून गेले, गोविंदघाटाचं अतोनात नुकसान झालं आणि त्या वर्षीचा हंगामच बुडाला. डोंगर संवेदनशील आहे असं आपण सहज म्हणतो. तिथे राहणाऱ्याला त्याचा हिशेब घर आणि पोटापाण्यात मांडावा लागतो.

आता परत अतिविषाकडे. चराई हा एक धोका, तण हा दुसरा. तिसरा धोका शांत आहे आणि त्याचा धागा थेट आपल्या सहाणेपर्यंत येतो.

पान किंवा फूल तोडलं तर झाड जगतं. अतिविष, कुटकी, जटामांसी यांचं औषध जमिनीखालच्या भागात असतं. म्हणजे काढणं म्हणजे झाड मारणं. आरोग्यवर्धिनीतली कुटकी, केसांच्या तेलातली जटामांसी, बाळगुटीतलं अतिविष, यांची मागणी मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकात्याची आणि पुरवठा चार महिन्यांचा उन्हाळा असलेल्या उतारांचा. बीपासून रोप मोठं होऊन मुळी भरायला काही वर्षं जातात. खणणाऱ्याला तेवढी वर्षं थांबायची सोय नसते, कारण तो थांबला तर दुसरा खणून नेतो. अतिविष आज जागतिक पातळीवर संकटग्रस्त मानलं जातं, जटामांसी त्याहून वरच्या धोक्याच्या पायरीवर आहे. जटामांसी आणि कुटकी यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर करारानुसार निर्बंध आहेत. खोऱ्यात उद्यान असल्यामुळे खणणं गुन्हा आहे, पण उद्यानाच्या सीमेपलीकडे बुग्यालांचा प्रचंड पट्टा आहे, आणि मागणी सीमा पाहत नाही.

अतिविषाच्या मुळीची रचना पाहिली की जाणत्या माणसाने ती कशी काढायची हे कळतं. जमिनीखाली दोन गड्डे जोडीने असतात. एक या वर्षीचा, ज्याने झाडाला पोसलं, तो हंगामाअखेर संपतो. दुसरा त्याच्या कुशीत तयार झालेला, पुढच्या वर्षीसाठी. म्हणजे आई आणि लेक. बी पडून गेल्यावर, शरदात, लेकीला मातीत ठेवून काढणी केली तर झाडाची परंपरा चालू राहते. ऑगस्टमध्ये घाईने सगळंच उपटलं तर बीही नाही आणि लेकही नाही. काढणीचा महिना बदलला की तीच मुळी नासाडी ठरते किंवा शेती.

शेतीचा मार्गही आहे. श्रीनगर-गढवालच्या विद्यापीठातलं उच्च-पर्वतीय वनस्पतींचं संशोधन केंद्र आणि चमोलीत गोपेश्वरजवळची जडीबुटी संशोधन संस्था वर्षानुवर्षं रोपं तयार करणं, बी रुजवणं, गावकऱ्यांना शिकवणं हे काम करत आहेत. चमोलीतलं घेस गाव कुटकीच्या लागवडीसाठी ओळखलं जातं. अडचणी खूप आहेत. पीक हाती यायला दोन-तीन वर्षं किंवा जास्त लागतात, तोवर घर कशावर चालवायचं? आणि पीक तयार झालं तरी ते आपल्या शेतातलं आहे, जंगलातून चोरलेलं नाही, हे सिद्ध करणारे कागद हवेत, नाहीतर विकता येत नाही. डोंगरातल्या शेतकऱ्यासाठी ही कागदपत्रं कधीकधी चढापेक्षा अवघड. माझ्या मते संरक्षणाचा पैसा सर्वांत आधी इथे जायला हवा: रोपवाटिकेत, आणि ते कागद गावातच मिळतील अशा व्यवस्थेत. खोऱ्यात आणखी एक पहारेकरी ठेवण्याआधी.

हवामानबदलाचं थोडक्यात सांगते. उष्णता वाढली की वनस्पती हळूहळू वर सरकतात. झुडपं कुरणात शिरतात, कुरणातली झाडं खडकाकडे. पण डोंगर वर जाता जाता निमुळता होतो, जमीन कमी होत जाते, आणि अगदी वरच्या पट्ट्यातल्या फेनकमळासारख्यांना सरकायला पुढे जागाच नाही. बर्फाची गोधडी पातळ झाली किंवा लवकर उठली तर फुलण्याच्या पाळ्याही सरकतात. मग फूल तयार आणि माशी अजून यायची, अशी चुकामूक होऊ शकते. यावर खोऱ्यात बसून उपाय नाही. एवढंच करता येतं की उतार सलग ठेवायचे, म्हणजे ज्याला सरकायचं आहे त्याच्या वाटेत रस्ता, हॉटेल किंवा हेलिपॅड येऊ नये.

उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडं असतं. आत राहता येत नाही, सकाळी घांघरियाहून जायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं. कधी जावं असं लोक मला विचारतात. रंगांसाठी जुलैची अखेर ते ऑगस्टचा मध्य, हे सगळेच सांगतील. जूनमध्ये गेलात तर बर्फाच्या कडेला उमललेला प्रिम्युला दिसेल आणि गोधडी उठताना पाहता येईल. जायचंच असेल तर स्थानिक गाइड घ्या आणि त्याला फुलांची गढवाली नावं विचारा. अमेला दाखवायला सांगा, एकदा ओळखलात की खोऱ्याचे कुठले कोपरे आजारी आहेत ते तुम्हालाही दिसू लागेल. वाट सोडून कुरणात पाय टाकू नका. ज्या मातीवर तुम्ही फोटोसाठी बसाल, ती सुटली की पुढच्या वर्षी तिथे कोण येणार हे आता तुम्हाला माहीत आहे.

आणि सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात गेलात तर गर्दी ओसरलेली असेल, तेरडा वाळायला लागलेला असेल, उतार तांबूस दिसतील. तेव्हा वाटेच्या कडेला, गवतात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, टोपडं घातलेली हिरवट-जांभळी फुलं शोधा. त्यांच्या खाली, मातीत, आई आणि लेक शेजारी शेजारी असतात.